उद्घाटनाचा घ

दादाला बोल म्हटलं की तो बोलतो आणि बोलू नकोस म्हटलं की जास्त बोलतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. म्हणूनच त्या आठवड्यात तिच्या डोक्यातला भुंगा काही केल्या बाहेर पडेना. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तिचा हा थोरला भाऊ राष्ट्रीय वाहिनीच्या मुख्य केंद्रात, थेट प्रक्षेपणात, सोफ्यावर बसणार होता. थेट म्हणजे थेट. शब्द तोंडातून निघाला की घराघरांत पोचलेला, मागे घ्यायची सोय नाही. त्यातून या कार्यक्रमाची निर्माती होती तिची स्वतःची मुलगी. अकरा वर्षं कंत्राटावर, दर वर्षी नव्या सहीची वाट बघणारी. पुढच्या महिन्यात पुन्हा सही व्हायची होती.

एरवी ती बाहेर पडताना गॅस बंद आहे का हे तीनदा बघायची. त्या आठवड्यात घरात बसूनसुद्धा पाचदा बघत होती.

दादा चौऱ्याहत्तर वर्षांचा, काटकुळा, कानांमागे पांढऱ्या केसांचे दोन झुपके. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी उजव्या अंगठ्याच्या नखाशी करड्या रंगाची एक रेघ राहून गेलेली. केंद्रात त्याला नावानं कोणी ओळखत नसे. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून संचालकापर्यंत सगळे त्याला 'क्षमस्व' म्हणायचे. कारण ती पाटी त्याची होती. चित्र गेलं, आवाज गेला, वीज गेली, कुठे वायर तुटली, की पडद्यावर काळ्या पुठ्ठ्यावरच्या दोन ओळी यायच्या: 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. ती अक्षरं दादानं हातानं काढलेली. केंद्राच्या इतिहासात सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर दिसलेला कलाकार मीच, असं तो छातीठोकपणे सांगायचा. गायक आले आणि गेले, बातम्या देणाऱ्या बायकांच्या केशरचना बदलल्या, मंत्री तर किती बदलले कोण जाणे, पण क्षमस्वला पर्याय नव्हता. ज्या दिवशी सगळ्यांचं बिघडायचं त्या दिवशी त्याचं जोरात चालायचं.

घरच्यांची नावंही त्यानं आपल्या पाट्यांवरूनच ठेवली होती. धाकटी बहीण सतत काहीतरी बजावत असते म्हणून ती 'सूचना'. आणि भाची झाली 'व्यत्यय'. त्याला कारण होतं. बहीण इस्पितळात होती, नवरा कामासाठी परगावी आणि दादा ड्यूटीवर. तेवढ्यात एका सामन्याचं प्रक्षेपण मध्येच तुटलं. दादानं कॅमेऱ्यासमोर आपलं कार्ड लावलं, कॅमेरा जागच्या जागी घट्ट केला आणि रस्ता ओलांडून समोरच्या इस्पितळात गेला. बावीस मिनिटं देश त्याचं अक्षर वाचत होता आणि तो भाचीचं तोंड बघत होता. परत आला तेव्हा त्याची अनुपस्थिती कोणाच्या लक्षातही आली नव्हती. एकदा कार्ड लावलं की कार्डवाल्याची गरज नसते, हा आपल्या नोकरीतला सगळ्यात मोठा फायदा, असं त्याचं मत होतं.

त्याची खोली म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, मेकअपची खोली आणि मोऱ्या यांच्या मधोमध असलेली एक पट्टी. खिडकी होती, पण रंगाच्या थरांनी कायमची बंद झालेली. खळीचा वास, उतरतं टेबल, बिस्किटांच्या डब्यात ब्रश, भिंतीला लावलेले पुठ्ठे. त्या कृष्णधवल काळात पांढरा रंग चालत नसे, पांढऱ्यानं कॅमेऱ्याचे डोळे दिपायचे. म्हणून दादा पांढऱ्यात चिमूटभर काळा घालून करडा रंग बनवायचा, आणि पडद्यावर तोच शुभ्र दिसायचा. टीव्हीवर पांढरं दिसायचं तर मुळात थोडं मळकं असावं लागतं, असं तो नव्या लोकांना शिकवायचा. नवे लोक साहेबांच्या खोलीकडे बघून हसायचे.

एकच गोष्ट त्याला जमत नव्हती. तो म्हणायचा, मी अक्षरं काढतो, लिहीत नाही. वडील गेल्यावर शाळा अर्धवट सोडून तो दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला होता, म्हणजे धाकटीला कॉलेजात जाता यावं. त्यामुळे समोर जसं असेल तसं तो हुबेहूब काढायचा, पण ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी घ्यायचा नाही. ती बहिणीची. ती भाषा विषय घेऊन पदवीधर झाली, पुढे तीस वर्षं शाळेत तोच विषय शिकवला. केंद्रातली मसुदा लिहिणाऱ्याची जागा बरीच वर्षं रिकामी होती, म्हणून दादा घरी आला की पाट्यांचा मजकूर तिच्यासमोर टाकायचा आणि ती चिठ्ठ्या लिहून द्यायची. हे नियमात बसणारं नव्हतं. पण न बसणाऱ्या गोष्टी दादाच्या खोलीत बऱ्याच होत्या.

उदाहरणार्थ, त्याची खासगी कार्डं. ही तो स्वतःच्या करमणुकीसाठी करायचा आणि टेबलामागे लपवायचा. 'निवेदिका शिंकत आहे, क्षमस्व.' 'गायक ताल शोधत आहेत, क्षमस्व.' त्यांतलं एक खरोखर प्रक्षेपित झालं. कुठल्याशा मोठ्या पाहुण्यांचं दहा मिनिटांचं भाषण पन्नास मिनिटं चाललं होतं, पुढच्या कार्यक्रमाचे कलाकार साज लावून कंटाळले होते, आणि पुढचं कार्ड ओढताना दादाच्या हाताला चुकीचा गठ्ठा लागला. पूर्ण चार सेकंद देशानं वाचलं: 'भाषण अजून चालू आहे. क्षमस्व.' चौकशी बसली. लेखी खुलासा मागितला गेला. दादानं बहिणीकडून शुद्ध भाषेत लिहून नेला: 'सदर कार्डातील मजकूर वस्तुस्थितीस धरून होता, हे नम्रपणे निदर्शनास आणत आहे.' खुलासा फायलीला लागला. मेमो मात्र मिळाला. दादाकडे असे सात मेमो होते आणि ते त्यानं चौकटी करून न्हाणीघराच्या भिंतीला लावले होते. वहिनी होती तोवर त्यांच्यावरची वाफ रोज पुसायची. तिच्यामागे आता तो स्वतः पुसतो.

मग अक्षरं टाइप करणारं यंत्र आलं. त्याला जोडाक्षरं जमेनात. 'क्षमस्व'चे ते तुकडे करायचं, एक पाय मोडलेला क, शेजारी ष, आणि स्व तर दुसऱ्या ओळीत. दोन आठवडे देशाची अशी लंगडत क्षमा मागून झाल्यावर साहेब स्वतः दुसऱ्या मजल्याच्या टोकाला आले, आणि दादाचं कार्ड आणखी आठ वर्षं चाललं. निवृत्तीच्या दिवशी निरोपाची पाटी करायला कोणीच सापडेना, तेव्हा तीही त्यालाच करावी लागली. त्यानं आपल्याबद्दल सढळ हातानं लिहिलं.

आता केंद्राला पन्नास वर्षं होत होती. मुलीनं खूप खटपट करून मामाला कार्यक्रमात बसवलं. संचालकांनी परवानगी दिली, पण एक अट घालून. त्यांनी स्वतःच्या हातानं स्मरणिका लिहिली होती, गुळगुळीत कागदाची, मांडीवर घेतली तर पाय बधिर व्हावेत एवढी जड. तिच्या पहिल्याच पानावर छापलं होतं: 'ठरलेल्या क्षणी, सेकंदाचाही विलंब न होता, केंद्राने घराघरांत पहिले पाऊल टाकले.' या पहिल्या पावलाबद्दल तुझ्या मामांनी काही वेगळं बोलायचं नाही, असं त्यांनी मुलीला बजावलं. त्यांनी ब्रशबद्दल बोलावं, रंगाबद्दल बोलावं. काही उलटसुलट झालं तर पुढच्या महिन्यातल्या सहीचं मला काही सांगता येणार नाही.

रविवारी दोघं मामा-भाची जेवायला आली तेव्हा सूचनानं पानं घ्यायच्या आधीच सूचना द्यायला सुरुवात केली.

"दादा, तू फक्त ब्रशबद्दल बोल."

"ब्रशबद्दल पंधरा मिनिटं? लोक टीव्ही बंद करतील."

"करू देत. पहिल्या दिवसाचं कोणी विचारलं तर आठवत नाही म्हण. तुझं वय झालंय, पटेल लोकांना."

"पण मला सगळं आठवतं."

"म्हणूनच सांगतेय, खोटं बोल."

मुलगी हसायला लागली. तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलंस ना, असं तिनं विचारलं. ते शाळेत, घरी नोकरी टिकवायची असते, असं सूचना म्हणाली आणि तिनं दादाच्या पानात आणखी एक पोळी टाकली, जणू तोंड भरलेलं राहिलं तर शनिवारपर्यंत बंद राहील.

हात धुताना मुलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तू घ कसा काढतेस गं?"

"सगळे काढतात तसा. का?"

"काही नाही. घाईत काढलास की त्याच्या डोक्याला गाठ येते का, ध सारखी, असं मनात आलं."

सूचना गॅस बघायला उठली. दादा पंख्याकडे बघत पोळी चावत राहिला.

कारण उघड होतं. पहिल्या दिवशी खरी चूक कोणाची झाली हे जगात दोनच माणसांना माहीत होतं आणि ती दोघंही आत्ता त्या टेबलाशी जेवली होती.

पन्नास वर्षांपूर्वी केंद्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दादानं तेरा कार्डांचा मजकूर घरी आणला. सूचना तेव्हा एकोणीस वर्षांची. समोर परीक्षेची पुस्तकं, शेजारी चिठ्ठ्या. तिनं भराभर तेरा चिठ्ठ्या लिहून दिल्या. साहेबांनी सकाळी त्या गठ्ठ्यानं सही करून परत केल्या. दादानं चिठ्ठीबरहुकूम कार्डं काढली आणि नियमाप्रमाणे प्रत्येक कार्डाच्या पाठीवर त्याची मंजूर चिठ्ठी चिकटवली. सगळ्यांत मोठं आणि देखणं कार्ड पहिलं होतं. त्यावर केंद्राचं नाव आणि खाली एकच शब्द.

सहाला अठरा मिनिटं कमी असताना निवेदिका पावडर लावता लावता त्या कार्डासमोर थांबली. म्हणाली, हे असंच लिहितात का हो? दादानं बघितलं. तिथे लिहिलं होतं, 'उद्धाटन'. घ च्या जागी ध. अख्ख्या देशाच्या टीव्हीचं उद्घाटन करायचं सोडून त्यांनी त्याचा उद्धारच केला होता.

कार्ड खाली उतरलं. ध वर काळा रंग चढला, त्याच्यावर घ काढायचा तर आधी काळा वाळायला हवा, कारण ओला रंग दिव्याखाली आरशासारखा चमकतो. मेकअपच्या खोलीतून केस वाळवायचं यंत्र आलं. दादा एका हातानं वारा घालतोय, दुसऱ्या हातात ब्रश, आणि सहाचे ठोके पडले. कार्यक्रमपत्रिकेत साहेबांच्या सहीनं स्पष्ट लिहिलं होतं: प्रथम उद्घाटनाचे कार्ड, नंतर मान्यवर. हा क्रम बदलायची कोणाची छाती होईना. मान्यवर दुसऱ्या दालनात खुर्चीत ताठ बसून कार्डाची वाट बघत राहिले. आणि कार्डाच्या कॅमेऱ्यासमोर तेव्हा एकच कार्ड होतं, दुपारी कॅमेरा नीट लावायला म्हणून ठेवलेलं. बटण दाबलं गेलं. देशानं आयुष्यात पाहिलेलं पहिलं टीव्हीचं चित्र होतं 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. नऊ मिनिटं. मागे वाद्यसंगीताची एकच तबकडी तीनदा वाजली. काहीही सुरू करायच्या आधीच माफी मागणारं हे जगातलं बहुधा एकमेव केंद्र.

त्या वेळी सूचना बाजारातल्या रेडिओच्या दुकानासमोर उभी होती. दुकानदारानं काचेत टीव्ही ठेवला होता आणि रस्त्यावर ही गर्दी. आता माझ्या भावाची अक्षरं दिसणार, असं तिनं आजूबाजूच्या निदान वीस जणांना सांगितलं होतं. ती दिसली. नऊ मिनिटं दिसली. शेजारच्या एका बाईनं शेवटी न राहवून विचारलं, हीच का? आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, सुंदर आहेत पण.

घरी आल्यावर दादानं पायातले बूट काढले, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "सूचना, उद्घाटनात घ असतो."

"मग मी काय लिहिलंय?"

"ध."

तिला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तू सांगितलंस का, एवढंच तिनं विचारलं.

"छे," दादा म्हणाला. "बी.ए.च्या मुलीला घ येत नाही, असं कुठे सांगतात का? पुढच्या महिन्यात परीक्षा आहे तुझी."

चौकशीत साहेबांनी चिठ्ठी मागितली तेव्हा कार्डाच्या पाठीवर दुसऱ्याच एका कार्डाची चिठ्ठी चिकटलेली निघाली. खालची झाकली गेली होती. मी वाचून नाही, बघून काढतो साहेब, बघण्यात चूक झाली, असं दादा म्हणाला. साहेबांनी फार खोदलं नाही, कारण खालच्या चिठ्ठीवर त्यांचीही सही होती. नोंदवहीत 'तांत्रिक कारण' असं लिहिलं गेलं. दादाला पहिला मेमो मिळाला, आणि नोकरीत कायम व्हायला एक वर्ष उशीर झाला.

त्यानंतर तो याबद्दल बहिणीला कधी एका शब्दानं बोलला नाही. म्हणजे, तसं म्हणायचं. दर वाढदिवसाला मात्र तो तिला स्वतः काढलेलं एक कार्ड द्यायचा आणि त्यावर एकच शब्द असायचा. पहिल्या वर्षी 'घोडा'. मग 'घंटा', 'घड्याळ', 'घागर', 'घुबड'. तिच्या लग्नात 'घरोबा'. तिला पहिला चष्मा लागला तेव्हा 'घुबड' पुन्हा एकदा. मुलीला लहानपणी वाटायचं, मामाला फक्त एकच अक्षर येतं. ती सगळी कार्डं सूचनाच्या कपाटात वरच्या फळीवर होती आणि नवऱ्यानं कधी विचारलं तर ती म्हणायची, दादाची हौस.

आणि तीच बाई तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल शाईनं गोल करून 'उद्घाटन' दहा वेळा लिहायला लावत होती. स्वतःशी ती म्हणायची, माझी ती शुद्धलेखनाची चूक नव्हतीच, हस्ताक्षराची होती. घाईत घ ला गाठ पडली, एवढंच.

शनिवार उजाडला. नवरा वरच्या मजल्यावर बुद्धिबळ खेळायला गेला, कारण त्याच्या मते तिच्याबरोबर टीव्ही बघणं म्हणजे शिकवणीला बसणं. ती सहाला पाच कमी असताना पडद्यासमोर बसली. पट्टीवर मजकूर सरकत होता: 'सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या आठवणी सांगण्यासाठी संपर्क साधा', पुढे फोनचा नंबर. तिनं सवयीनं शब्द तपासले. सगळे शुद्ध. मुलगी माझीच, असं तिला वाटलं, आणि थोडं हलकं वाटलं.

सोफ्यावर मधे सूत्रसंचालिका, एका बाजूला संचालक, मांडीवर स्मरणिका, दुसऱ्या बाजूला दादा. त्यानं वहिनीनं विणलेला जुना स्वेटर घातला होता आणि तो कमालीचा शहाण्यासारखा वागत होता. ब्रशबद्दल बोलला. मळकट पांढऱ्याबद्दल बोलला, आणि साहेबांच्या खोलीचा उल्लेख टाळला. सूचनाला त्याचा एवढा अभिमान वाटला की तिनं पंधरा मिनिटांत एकदाही गॅस बघितला नाही.

मग पहिला फोन लागला. आवाज म्हाताऱ्या बाईचा. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मी एका रेडिओच्या दुकानासमोर उभी होते. नऊ मिनिटं फक्त एक पाटी दिसत होती. शेजारी एक मुलगी सगळ्यांना सांगत होती, माझ्या भावाची अक्षरं आहेत म्हणून. इतकी वर्षं मला विचारायचंय, ती पाटी का लावली होती?"

सूचनानं रिमोट उचलून आवाज वाढवला.

संचालक पुढे सरकले आणि स्मरणिकेवर हात ठेवून म्हणाले, ते अधिकृत प्रक्षेपणाच्या आधीचं असावं. सूत्रसंचालिकेनं दादाकडे बघितलं. दादानं कॅमेऱ्याकडे बघितलं. तो कॅमेऱ्याकडे बघतो म्हणजे काय, हे सूचनाला माहीत होतं. कॅमेऱ्यापुढे काय ठेवायचं हेच तर तो आयुष्यभर ठरवत आला होता.

"चूक माझी," तो म्हणाला. "उद्घाटन चुकीचं लिहिलं. घ ऐवजी ध. तो दुरुस्त करेपर्यंत क्षमस्व."

तेवढ्यात एका मुलानं आत येऊन सोफ्यासमोरच्या टेबलावर एक जुनं, कोपरे दुमडलेलं काळं कार्ड आणून ठेवलं. मुलीनं ते वस्तुसंग्रहातून काढून आणवलं होतं. पडद्यावर ते मोठं झालं. केंद्राचं नाव, खाली 'उद्घाटन', आणि घ भोवतीचा काळा रंग बाकीच्यापेक्षा एक छटा अधिक काळा. पन्नास वर्षांनीही ठिगळ दिसत होतं.

संचालकांच्या चेहऱ्यावरचं हसू करड्या रंगाचं झालं. पण पदावर माणूस उगीच चढत नाही. त्यांनी मोठ्या मनानं दादाच्या पाठीवर थोपटलं. म्हणाले, "तेव्हा काय, शिकलेली माणसं मिळायची नाहीत. अशा अडाणी माणसांना घेऊनच आम्ही केंद्र उभं केलं. त्यांची चूक पोटात घालून."

दादा मान हलवून म्हणाला, "बरोबर आहे. क्षमस्व."

सूचना उठून उभी राहिली. का उठली हे तिला कळलं नाही. तिच्या पदवीदानाच्या फोटोत तिच्या अंगावर काळा झगा आहे आणि शेजारी दादा उभा आहे, अंगठ्यावर रंग, आणि तिच्यापेक्षा जास्त हसतोय. तो फोटो टीव्हीच्या वरच होता. अडाणी म्हणे.

पडद्यावर ते कार्ड कोणीतरी उलटं केलं. कॅमेरा त्याच्या पाठीवर गेला आणि थांबला. वरची चिठ्ठी जुन्या खळीतून अर्धी सुटून वर वळली होती आणि खालून निळ्या शाईची दुसरी डोकावत होती. वळणदार अक्षर, कॉलेजच्या मुलीचं. मधोमध, स्वच्छ, चुकून गाठ पडलेला घ नव्हे, नीट विचार करून काढलेला ध. सूत्रसंचालिका दुसरंच काहीतरी बोलत होती. पण कॅमेरा कुठे न्यायचा आणि किती वेळ ठेवायचा हे ती ठरवत नव्हती. ते आतल्या खोलीत बसलेली निर्माती ठरवत होती.

आणि खालची पट्टी बदलली. 'आपल्या आठवणी सांगण्यासाठी संर्पक साधा.'

संर्पक. सूचनानं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. रफार सरळ प च्या डोक्यावर. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हाच शब्द शुद्ध होता. जी मुलगी सात वर्षांची असताना दूधवाल्याच्या चिठ्ठीतला रफार दुरुस्त करायची, तिच्या हातून हे होणं शक्य नव्हतं. घरात अशुद्ध शब्द दिसला की आई जिथे असेल तिथून उठते, हेही तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे घ चं विचारणं सहज नव्हतं तर. चिठ्ठी तिला आधीच सापडली होती. वरच्या फळीवरचे घोडे आणि घुबडं तिनं जोडून बघितली होती. मामा काय बोलणार नाही हेही तिला माहीत होतं. म्हणून गळ टाकलाय, आणि गळाला आमिष लावलंय ते शुद्धलेखनाचं. लबाड कुठली. व्यत्यय ते व्यत्ययच.

सहीचं काय होणार, ही काळजी सवयीप्रमाणे वर आलीच. पण ज्या मुलीनं पट्टी बदलली तिनं सहीचा विचार पट्टी बदलायच्या आधी केला असणार. आई होऊन तिच्यापेक्षा जास्त घाबरायचं म्हणजे तिला लहान समजण्यासारखं. एवढं सरळ सूचनाला यापूर्वी कधी वाटलं नव्हतं. आणि तिला एकदाचं स्वतःशीच कबूल करावं लागलं, की घाईही नव्हती आणि गाठही पडली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी, भाषा विषय घेतलेल्या त्या मुलीला 'उद्घाटन' हा शब्द खरोखरच ध नं लिहितात असं वाटत होतं.

दादा सोफ्यावर शांत बसला होता, स्वेटरच्या बाहीत हात घालून. त्याचं कार्ड लावून झालं होतं. आता त्याची कोणाला गरज नव्हती.

तिनं फोन जवळ ओढला आणि नंबर पट्टीवरून पाहून, एकेक आकडा तोंडानं म्हणत, कागदावर उतरवला. काय बोलायचं तेही ठरवलं. आधी सांगायचं की 'संपर्क'मधला रफार क वर असतो. ते त्यांना ऐकून घ्यावंच लागेल. मग म्हणायचं, मीच ती रेडिओच्या दुकानासमोरची मुलगी. त्या साहेबांना सांगा, माझा भाऊ अडाणी नव्हता, अडाणी मी होते, आणि मी अडाणी राहू नये म्हणून त्यानं शाळा सोडली. आणि दादा, तुला एक महत्त्वाची सूचना: आजपासून क्षमस्व मी म्हणायचं.

स्वयंपाकघराकडे न बघता तिनं पहिला आकडा दाबला.